‘नुसती सुईच तर आहे’

या पुस्तकाचा लेखक माझा विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या, शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मी त्याच्यापुढे एक कवटी उलटी ठेवली होती आणि तळाच्या एका भोकावर पेन्सिलीचं टोक टेकवून विचारलं होतं, ‘‘यातून काय जातं?’’ उत्तर बरोबर आलं. मग विचारलं, ‘‘आणि याच्या शेजारून?’’ तिथे स्वारी अडखळली. आज तो मेंदूचा सर्जन आहे आणि त्याच भोकातून सुई घालून लोकांची दुखणी थांबवतो. प्रस्तावना मागायला आला तेव्हा मी म्हटलं, लिहीन, पण त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच. ‘‘मॅडम, तेवढ्यासाठीच आलोय,’’ असं तो म्हणाला.

आधी दुखण्याबद्दल थोडं, कारण ज्याने ते पाहिलेलं नाही त्याला एवढा खटाटोप कशासाठी हे कळणार नाही. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या दुखण्याचा, रुग्ण ‘दुखतं’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, करंट बसतो. चमक मारते. ती कळ काही सेकंदांची असते, पण दिवसातून पन्नास वेळा येऊ शकते, आणि यायला निमित्त काहीही पुरतं: दात घासणं, घास चावणं, पंख्याचा वारा, पदराचा स्पर्श. पुरुष अर्धी दाढी करून येतात. दुखऱ्या बाजूला वस्तरा लावायची हिंमत नसते. आपल्याकडे ही माणसं आधी दंतवैद्याकडे जातात, एक दाढ काढून घेतात, मग शेजारची, आणि दोन-तीन दाढा गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की दुखणं दातात नाहीच. यात आपलीच काही खासियत नाही. १६७७ साली पॅरिसमध्ये इंग्रज राजदूताच्या पत्नीला हेच झालं होतं. तिला तपासणाऱ्या वैद्याने, म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या जॉन लॉकने, तिच्या झटक्यांची वर्णनं पत्रांतून लिहून ठेवली आहेत. १७७३ मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी या रोगाचं नीट चित्र उभं केलं. आपल्या सर्वसामान्य वाचकाला हे नाव ऐकून माहीत असलं तर ते बहुधा सलमान खानमुळे, कारण त्याने आपल्या या दुखण्याबद्दल जाहीरपणे सांगितलं.

१९६२ मध्ये स्वीडनच्या सिगफ्रिड ब्लोम यांनी कार्बामाझेपिन हे फिट्सचं औषध यावर चालतं असं दाखवलं, आणि आजही पहिली गोळी तीच. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, किंवा ज्यांना गोळीने झापड येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरतं, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया. कानामागे कवटी उघडून नसेच्या मुळावर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला सारायची, ही पीटर जॅनेटा यांनी रुजवलेली पद्धत दुखण्याच्या कारणालाच हात घालते. पण ऐंशी वर्षांच्या, हृदयाचं दुखणं असलेल्या आजींची कवटी उघडायला घरचे सहसा तयार होत नाहीत. मग सुई पुढे येते: गालातून आत घालून ती नसच थोडी दुखवायची, म्हणजे कळ थांबते. आणि सुईबरोबर ते वाक्य येतं, जे मी वॉर्डात, लिफ्टमध्ये, अगदी नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा ऐकलंय: ‘‘ऑपरेशन नाही हो, नुसती सुईच तर आहे.’’

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. सुईचं भोक लहान असतं हे खरं. पण उघड्या शस्त्रक्रियेत सर्जनला दिसत असतं. सुईच्या कामात त्याला काहीही दिसत नाही. एक्स-रेच्या पडद्यावरची सावली, बोटांना लागणारा हाडाचा कठीणपणा आणि डोक्यात पाठ असलेली शरीररचना, एवढ्या भांडवलावर तो एका बंद खोलीत शिरतो. अशा कामात धोका किती, हे सुईच्या जाडीवरून ठरत नाही. वाटेत कोण राहतं यावरून ठरतं.

ही वाट दाखवायला मी वर्गात एक खेळ करायची. कवटी, तिला जबडा जोडलेला, आणि गोधडी शिवायचं दाभण. ओठाच्या कोपऱ्यापासून बाहेर अडीच-तीन सेंटिमीटरवर गालात शिरायचं. समोरून पाहिलं तर दाभणाचा रोख डोळ्याच्या बाहुलीकडे हवा. बाजूने पाहिलं तर कानाच्या भोकापुढे तीन सेंटिमीटरवर, गालफडाच्या कमानीवर केलेल्या खुणेकडे. या तीन खुणा फ्रिट्झ हेर्टेल या जर्मन सर्जनने १९१२ च्या सुमारास ठरवून दिल्या, आणि शंभर वर्षं उलटून, सीटी आणि नेव्हिगेशन येऊनही आरंभबिंदू म्हणून त्याच वापरल्या जातात. जबड्याची उभी फांदी आणि वरच्या जबड्याचं हाड यांच्या मधल्या फटीतून दाभण आत सरकतं. विद्यार्थी दमाने, जीभ दातांत धरून ढकलत. सहा-सात सेंटिमीटर आत गेल्यावर टोक कवटीच्या तळाला ‘टक्’ करून लागे. मग इकडेतिकडे चाचपडणं, आणि अचानक अडथळा संपून दाभण आत जाई. वर्ग टाळ्या वाजवी. मी कवटी उलटी करून दाखवायची: दहांतली चार दाभणं चुकीच्या भोकात असत.

योग्य भोकाचं नाव फोरामेन ओव्हेल, म्हणजे अंडाकृती छिद्र. (हृदयातही याच नावाचं एक छिद्र असतं. रिपोर्टात ते नाव वाचून घाबरू नका, त्याचा इथे संबंध नाही.) ते जतुकास्थीत असतं. जतुका म्हणजे वटवाघूळ. पंख पसरलेल्या वटवाघळासारखं दिसणारं हे हाड कवटीच्या तळाशी आडवं बसलेलं असतं, आणि त्याच्या मोठ्या पंखात, प्रत्येक बाजूला एक, साधारण सात मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद असं हे दार आहे. त्यातून ट्रायजेमिनल नसेची तिसरी, जबड्याकडची फांदी बाहेर पडते. उलट वाटेने आत गेलं की लगेच तीन फांद्या जिथे एकत्र येतात ती गुच्छिका लागते. तिला व्हिएन्नाच्या गॅसर या शिक्षकाचं नाव त्याच्या विद्यार्थ्याने दिलं. शिक्षकांच्या वाट्याला असं क्वचितच येतं, म्हणून मला ते सांगायला आवडतं.

आता शेजारी. मागे आणि किंचित बाहेर, काही मिलिमीटरवरच, एक बारीक गोल भोक आहे, त्यातून मेंदूच्या आवरणाला रक्त देणारी रोहिणी वर चढते. मागे आणि आतल्या बाजूला एक वेडंवाकडं, कडा कुरतडल्यासारखं छिद्र. त्याच्या माथ्यावरून कॅरोटिड रोहिणी जाते, अर्ध्या मेंदूचं रक्त वाहणारी. आणखी मागे त्याच रोहिणीचं कवटीत शिरायचं तोंड, त्यामागे मानेच्या मोठ्या शिरेचं. आणि पुढे-वर गेलं तर डोळ्याच्या खोबणीच्या तळाची फट. सुई जरा पुढे-वर कलली तर ती या फटीतून खोबणीच्या टोकाशी, म्हणजे दृष्टीच्या नसेपाशी पोचू शकते. अशाने दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बाहेरून, गालावर, या सगळ्या चुकांचा फरक सुईच्या मागच्या टोकाला बोटभरसुद्धा दिसत नाही.

दारापर्यंत पोचायच्या आधीच दोन गोष्टी घडू शकतात. पहिली, तोंडाच्या आतलं अस्तर टोचलं जातं. तोंडातले जंतू सुईवर बसून थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जातात, आणि दोन दिवसांनी ताप, मान ताठ. म्हणून जुने सर्जन रुग्णाच्या तोंडात हातमोजा घातलेलं बोट ठेवून गालाच्या आतून सुई सरकताना चाचपत, आणि मग हातमोजे बदलत. दुसरी, गालामागच्या पोकळीत शिरांचं जाळं आणि वरच्या जबड्याची रोहिणी असते. त्यांना धक्का लागला तर गाल टरारून सुजतो. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा दाबून, बर्फ लावून उतरतं. रुग्ण याच सुजेला सर्वात जास्त घाबरतो, आणि खऱ्या धोक्यांमध्ये तीच सर्वात किरकोळ.

एक कवटी आमच्या विभागात होती, तिच्यावर मी शाईने बारीक फुली मारून ठेवली होती. तिच्या डाव्या बाजूला जतुकास्थीचे दोन कोपरे जोडणारा, एरवी नुसता तंतूंचा असतो असा पट्टा, हाडाचा झालेला होता. दारासमोर गज बसवलेला. उजवी बाजू मोकळी. एकाच माणसाची दोन दारं आकारात, लांबीत, रोखात वेगळी असतात, हे पुस्तकात एका ओळीत येतं, पण हातात धरल्याशिवाय पटत नाही. ‘सगळ्यांचं सारखंच असतं’ असं गृहीत धरणाऱ्याने ती कवटी एकदा हातात धरायला हवी होती. म्हणूनच या कामाआधी त्या विशिष्ट रुग्णाच्या कवटीच्या तळाचं सीटी पाहणं हा लेखकाचा आग्रह मला रास्त वाटतो. यंत्र आहे म्हणून ते पाहायचं नसतं. ज्या दारात शिरायचं ते उघडं आहे का, एवढं तरी आधी कळायला हवं.

दाराच्या आत गेल्यावर शेजार आणखी दाट होतो. गुच्छिका मेंदूच्या आवरणाच्या एका खिशात असते, त्यात मेंदूभोवतीचं पाणी असतं. सुईतून ते नितळ पाणी थेंबथेंब आलं की सर्जनच्या खांद्यांतला ताण उतरतो. मी ते दोनदा थिएटरमध्ये उभी राहून पाहिलंय. पण खिशाची आतली भिंत कॅव्हर्नस सायनसला लागून आहे. हा सर्दीचा सायनस नव्हे. हा रक्ताने भरलेला एक कप्पा, त्यातूनच कॅरोटिड रोहिणी वळसा घेत जाते, आणि डोळा हलवणाऱ्या तीन नसा त्यातून किंवा त्याच्या भिंतीतून जातात. सुई फार आत गेली, आतल्या अंगाला झुकली, तर रुग्णाला एकाचं दोन दिसू लागतं. रोहिणीला आणि कप्प्याला एकदम भोक पडलं तर दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं: डोळा पुढे येतो, लाल होतो, कानात नाडीच्या ठेक्यावर सूंसूं आवाज येतो. काही माणसांमध्ये खिसा आणि रोहिणी यांच्या मधलं हाड पातळ असतं, काहींत नसतंच. सुईतून लालभडक रक्त उसळून आलं तर एकच गोष्ट करायची: सुई काढायची, दाबून धरायचं, आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबवायचं. ‘अजून एकदा बघतो’ म्हणणारा सर्जन मला आवडत नाही.

आणखी एक अडचण दुखण्याच्या जागेत दडलेली असते. गुच्छिकेत जबड्याचे तंतू बाहेरच्या अंगाला, गालाचे मधे आणि कपाळ-डोळ्याचे आतल्या अंगाला असतात. म्हणजे कपाळाची कळ मारायची असेल तर सुई जास्त आत आणि जास्त आतल्या बाजूला न्यावी लागते, नेमकी धोक्याच्या भिंतीकडे. म्हणून जबड्याचं दुखणं आणि कपाळाचं दुखणं या एकाच रोगाच्या दोन जागा असल्या तरी सुईच्या हिशेबात त्या सारख्या नाहीत. बाजूच्या एक्स-रेवर टोक कुठवर न्यायचं याच्या मर्यादा विल्यम स्वीट आणि त्यांच्या पिढीने आखून दिल्या. बॉस्टनच्या या सर्जनने १९७४ मध्ये जेम्स वेप्सिक यांच्याबरोबर तापमान मोजत नस थोडी थोडी भाजण्याची रीत मांडली. तिचं खरं मोल मला तापमानात वाटत नाही. मधे रुग्णाला जागं करण्यात वाटतं. सुईतून बारीक विद्युतप्रवाह सोडायचा आणि विचारायचं, ‘‘कुठे मुंग्या येतात?’’ रुग्णाने ‘‘खालच्या ओठाला’’ म्हटलं की टोक कुठे आहे ते कळलं. डोळा फिरताना दिसला तर ताबडतोब माघार. झोपेच्या औषधातून अर्धवट जागा झालेला तो माणूस त्या वेळी टेबलावरचा सर्वात भरवशाचा नकाशा असतो.

त्याआधी असा नकाशा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुच्छिकेत अल्कोहोल सोडत, आणि ते पसरेल तिकडे पसरे. मार्टिन किर्शनर यांनी १९३०च्या दशकात डोक्याला चौकट बसवून विजेने गुच्छिका जाळली. नेम नेमका, पण किती जाळायचं याला लगाम नव्हता. स्वीट यांच्यानंतरची ग्लिसरॉलची पद्धत तर योगायोगाने आली. स्टॉकहोमला स्टेन हाकान्सन यांना किरणोपचारासाठी ती जागा एक्स-रेवर ठळक दिसायला हवी होती, म्हणून त्यांनी ग्लिसरॉलमध्ये टँटलमची पूड कालवून सोडली, आणि किरणांच्या आधीच दुखणं गेलं. १९८१ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. दोन वर्षांनी शिकागोचे शॉन मलन आणि टेरी लिक्टर यांनी सुईतून छोटा फुगा आत नेऊन नस काही क्षण दाबायची पद्धत आणली. फुगा पडद्यावर नासपतीच्या आकाराचा दिसला की तो नेमक्या खिशात फुगलाय असं समजतात. फुग्याची सुई जाड असते, सुमारे दोन मिलिमीटर, चार मिलिमीटर रुंदीच्या दारासाठी. पण त्यात डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, संवेदना बहुतेकदा वाचते, म्हणून कपाळाच्या दुखण्यात तो अनेकांना बरा वाटतो. भूल देणारे मात्र फुगा फुगवताना मॉनिटरवरून नजर हलवत नाहीत. या नसेला ताण बसला की हृदयाचे ठोके एकदम उतरतात, कधी क्षणभर थांबतात. अ‍ॅट्रोपिन भरून हाताशी ठेवलेलं असतं. मी पाहिलं तेव्हा बीप-बीप संथ झाली, थिएटरमध्ये कुणी बोललं नाही, आणि फुगा सोडल्यावर ती पुन्हा ठेक्यात आली. नस भाजताना उलट होतं, रक्तदाब उसळतो, आणि त्या उसळीत मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या, मृत्यूच्याही नोंदी आहेत. रक्तदाबाच्या रुग्णाने सकाळची गोळी ‘आज उपाशी आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने टाळू नये, हे साधं वाटणारं वाक्य लेखकाने ठळक अक्षरांत छापलंय, ते यासाठी.

इतकं वाचून कुणी घाबरला तर आकडेही समोर ठेवते. अंकाराचे यूजेल कानपोलात यांनी २००१ मध्ये आपल्या पंचवीस वर्षांतल्या १,६०० रुग्णांचा लेखाजोखा छापला. सगळे नस भाजण्याच्या पद्धतीचे. त्यात ९१ जणांची डोळ्याच्या पडद्याची संवेदना कमी झाली, ६६ जणांचे चावायचे स्नायू दुबळे झाले, १० जणांच्या डोळ्याच्या पडद्याला दाह झाला. १२ जणांना ते विचित्र दुखणं जडलं ज्यात चेहरा बधिरही असतो आणि जळतही राहतो. १२ जणांच्या डोळा हलवणाऱ्या नसा तात्पुरत्या लुळ्या पडल्या, दोघांची एक नस कायमची. रोहिणी आणि कप्पा एकमेकांत उघडल्याची घटना एक. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते हयात याच कामात घालवलेल्या एका हाताचे आहेत. तुमच्या गावातल्या सर्जनने वर्षाला अशा किती केल्या, हे त्याला विचारायला लाजू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

लेखकाशी माझा एक मतभेद. तो सगळीकडे ‘शस्त्रक्रिया’ऐवजी ‘प्रक्रिया’ लिहितो. रुग्ण घाबरू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. प्रक्रिया हा शब्द बँकेत कर्जाच्या अर्जालाही वापरतात. संमतिपत्रावर सही करणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय ते कळायला हवं. भाषेचीच आणखी एक गंमत: आपण बोलताना रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि नसेलाही. ‘‘शीर तुटेल का?’’ असं रुग्ण विचारतो तेव्हा डॉक्टर एका शिरेचं उत्तर देतो आणि रुग्णाने दुसरी मनात धरलेली असते. या पुस्तकात नस म्हणजे नस आणि रोहिणी म्हणजे रोहिणी, शेवटपर्यंत. हा त्याचा गुण.

तरुण निवासी डॉक्टरांनी तिसरं आणि चौथं प्रकरण कवटी शेजारी ठेवून वाचावं. रुग्णांनी सहावं आधी वाचावं, त्यात सुईआधी विचारायचे प्रश्न आहेत: एमआरआयमध्ये गाठ किंवा दुसरा रोग नाही ना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, माझ्या दुखण्याची फांदी कोणती, आणि दुखणं वर्षा-दोन वर्षांत परत आलं तर पुढे काय. परत येणं नवलाचं नाही, हे लेखकाने लपवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तक वाचायच्या आधीच सांगून ठेवते. सुईनंतर डोळ्याच्या पडद्याची संवेदना गेली तर धूळ, पापणीचा केस, काहीही आत गेलं तरी कळत नाही. डोळा दुखून ओरडत नाही, त्यामुळे घरच्यांना तो बरा वाटतो, आणि पडदा मात्र खराब होत जातो. रोज सकाळी आरशात तो डोळा पाहा. लाल दिसला आणि दुखत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, सोमवारची वाट पाहू नका.